घरटे कोणाचे, गुहा कोणाची?

हाँगकाँगच्या दुकानांतून काचेच्या कपाटात, दागिने मांडावेत तशी मांडलेली एक पांढरट, वाटीच्या आकाराची वस्तू विकली जाते. पाकोळीच्या कुळातील एका पक्ष्याचे ते घरटे. त्यात काडी नाही, पान नाही. जिभेखालच्या ग्रंथींतून पाझरणाऱ्या लाळेचे धागे गुहेच्या भिंतीवर थापून पक्षी महिनाभराहून अधिक काळ ते बांधत असतो. धनिक घरांत ते काही तास पाण्यात भिजवतात, फुगल्यावर तंतू मोकळे करतात, चिमट्याने उरलीसुरली पिसे वेचतात आणि झाकणाच्या भांड्यात वाफेवर खडीसाखरेबरोबर शिजवतात. चव म्हणावी तर जवळजवळ नाहीच, आणि ज्या आरोग्यगुणांचा गाजावाजा होतो त्यांचा वैद्यकीय पुरावा तुटपुंजा आहे.

मग किंमत कशाची? प्रतिष्ठेची. लाल घरट्याला तर पक्ष्याचे रक्त म्हणून चढा भाव मिळे. वस्तुतः तो रंग विष्ठेतून निघणाऱ्या वायूंच्या प्रक्रियेचा. 2011 मध्ये नायट्राइटचे प्रमाण अतोनात आढळल्याने चीनने मलेशियाच्या घरट्यांची आयात रोखली, तेव्हा या रक्ताचा रंग जगाला कळला.

सारावाकमधील निआह आणि साबामधील गोमान्तोंग येथील गुहांत वेताच्या शिड्या व बांबू यांच्या आधाराने माणसे अंधारात छतापर्यंत चढतात. हात सुटला तर खाली खडक. खाली आणलेल्या घरट्यातील एकेक पीस चिमट्याने वेचीत बसतात त्या बहुधा स्त्रिया. जीव धोक्यात घालणारा आणि डोळे फोडणारी यांच्या हाती किमतीचा किती अंश पडतो, हे त्या कपाटापुढे उभ्या गिऱ्हाइकाने विचारण्याची प्रथा नाही. त्यातच 1997 च्या आशियाई आर्थिक संकटानंतर मलेशियात ओस पडलेल्या दुकान-घरांत ध्वनिमुद्रित किलबिल वाजवून पक्षी बोलावण्याचा धंदा फोफावला. पक्ष्याचा प्रजननकाळ जपला जातो, हे त्याचे श्रेय नाकारता येणार नाही. परंतु इमारत उभारायला भांडवल लागते. गुहेत चढणाऱ्यापाशी होती फक्त शिडी.

आपल्या देशात हा प्रश्न अंदमानात उभा राहिला. अंडी-पिले असतानाच घरटी ओरबाडली जाऊन पक्ष्यांची संख्या झपाट्याने घटली. सालिम अली केंद्राचे पक्षिशास्त्रज्ञ डॉ. रवी शंकरन यांनी यावर जो उपाय योजला तो वनखात्याच्या नेहमीच्या मनोवृत्तीला छेद देणारा होता. घरटी काढणाऱ्यांनाच त्यांनी गुहांचे राखणदार केले. पिले उडून गेल्यावरच घरटे काढावे आणि त्याचे उत्पन्न त्यांनाच मिळावे, ही त्यामागची योजना. गुहेची वाट ज्याला ठाऊक तोच तिचा पहारेकरी होऊ शकतो, एवढा साधा व्यवहार त्यात होता. पण पुढे पक्ष्याला वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत घातले गेले आणि घरटे काढणे हाच गुन्हा ठरला. म्हणजे राखणदार पुन्हा चोर! पक्षी अनुसूचीतून वगळला गेला तो 2009 मध्ये. त्याच वर्षी जानेवारीत शंकरन यांचे निधन झाले होते.

कोकणचाही याच्याशी संबंध आहे. वेंगुर्ल्यासमोरच्या समुद्रातील खडकाळ बेटांवर भारतीय पाकोळीची मोठी वसाहत आहे. तिच्या घरट्यात लाळेबरोबर गवत व शेवाळाचे तंतू मिसळलेले असतात, म्हणून भाव कमी. तरीही 2001 मध्ये चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र या संस्थेने तेथील घरट्यांची चोरी उघडकीस आणली. अशा बेटांवर दूरच्या कचेरीतून नेमलेला शिपाई किती दिवस टिकेल? पावसाळ्यापूर्वी समुद्र केव्हा खवळतो, होडी कोणत्या बाजूने लावता येते, हे त्या किनाऱ्यावरच्या मच्छीमाराला ठाऊक असते. राखणीचे काम आणि त्याचा रीतसर पगार यांवर पहिला हक्क त्याचा मानला गेला पाहिजे, आणि तो ठरवताना मच्छीमारांच्या सहकारी संस्थांना चर्चेला बोलावले पाहिजे.