समाधान कोणाचे मोजायचे?

नोकरीत स्त्रिया पुरुषांपेक्षा अधिक समाधानी असतात, हा निष्कर्ष अनेकांना चमत्कारिक वाटेल. परंतु ब्रिटनमधील पाहणीच्या आधारे अँड्र्यू क्लार्क या अर्थशास्त्रज्ञाने तो १९९७ साली मांडला होता. वेतन कमी, बढतीची संधी कमी, आणि तरीही समाधान अधिक! स्त्रियांच्या अपेक्षाच कमी असतात, हे त्याचे स्पष्टीकरण. ते खरे मानले तरी छत्रपती संभाजीनगरसारख्या शहरात अपुरे पडते. वाळूज, चिकलठाणा वा शेंद्रा येथे समाधानाची प्रश्नावली फिरेल ती हजेरीपटावर नाव असलेल्यांतच. लग्न, बाळंतपण किंवा सासऱ्यांचे आजारपण यांपायी जिचे नाव पटावरून उतरले, तिला कोण विचारणार?

होम्स आणि राही या अमेरिकी संशोधकांनी १९६७ साली आयुष्यातील ४३ घटनांना ताणानुसार गुण दिले: जोडीदाराच्या मृत्यूला १००, विवाहाला ५०, निवासबदलाला २०. मराठवाड्यातील मुलीच्या बाबतीत मात्र विवाह, निवासबदल, सासरशी जुळवून घेणे आणि पुष्कळदा नोकरीचा राजीनामा, हे सारे एकाच मुहूर्तावर येते. त्याच मांडवातील नवरदेव आठवडाभराने आपल्या जुन्याच पाळीवर रुजू होतो. अशा वेळी स्त्रियांची सोसण्याची शक्ती वाखाणण्याची आपल्याकडे रीत आहे. वास्तविक ही शक्ती बहुधा मूल सांभाळणाऱ्या आईची वा सासूची असते. ती गावी परतली की शक्तीही सरते.

२०१७ च्या दुरुस्तीने पहिल्या दोन अपत्यांसाठी प्रसूतिरजा १२ ऐवजी २६ आठवड्यांची झाली. २०२० च्या सामाजिक सुरक्षा संहितेनेही ती कायम ठेवली. हेतू स्तुत्यच. परंतु कर्मचारी राज्य विमा योजनेच्या वेतनमर्यादेबाहेरील स्त्रीच्या रजेचा पगार मालकाच्याच माथी राहतो. मग लहान कारखानदाराने नवविवाहितेला मुलाखतीतच वगळले, तर त्यात नवल कसले? आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेच्या २००० सालच्या मातृत्व संरक्षण करारात हा भार सामाजिक विम्यातून वा सार्वजनिक निधीतून उचलण्याचे तत्त्व आहे. इकडे पित्याला केंद्र सरकारच्या नोकरीत १५ दिवसांची रजा मिळते. खासगी नोकरांसाठी तसा कायदाच नाही. साहजिकच मुलाचा खर्च आईच्या नावे पडतो.

तेव्हा निदान प्रसूतिलाभापुरती विमा योजनेची वेतनमर्यादा काढून टाकावी आणि पित्याच्या रजेचा खर्चही त्याच निधीतून व्हावा. आणि यापुढे समाधानाची पाहणी करणाऱ्यांनी आस्थापनेकडून मागील पाच वर्षांतील राजीनाम्यांची यादीही मागून घ्यावी.