कागद वाचणाऱ्यांची दहा वर्षे

८ फेब्रुवारी २०१६ रोजी दूरसंचार नियामक प्राधिकरणाने, म्हणजे ‘ट्राय’ने, एक छोटीशी नियमावली जाहीर केली. ग्राहकाने कोणते संकेतस्थळ किंवा ॲप उघडले हे पाहून मोबाइल कंपन्यांनी डेटाचा वेगवेगळा दर लावू नये. लावला तर दिवसाला ५० हजार आणि जास्तीत जास्त ५० लाख रुपये दंड. त्या नियमावलीने फेसबुकच्या ‘फ्री बेसिक्स’ योजनेचा भारतातला मार्ग बंद केला. यंदा तिला दहा वर्षे पूर्ण होत आहेत. दशकपूर्तीचे लेख येतील, त्यांत नियामकाच्या ठामपणाचे कौतुक होईल, दहा लाखांहून अधिक ई-मेल पाठवणाऱ्या नागरिकांचीही आठवण निघेल. ते योग्यच आहे. पण एवढा रुक्ष विषय त्या नागरिकांपर्यंत नेला कोणी, हे आज आवर्जून सांगायला हवे. त्यात मोठा वाटा होता दिल्लीतल्या एका छोट्या वृत्तसंस्थेचा. तिचे नाव ‘मीडियानामा’.

निखिल पाहवा या पत्रकाराने ती २००८ साली सुरू केली. त्याआधी ते ‘कंटेंटसूत्र’साठी लिहीत. रफत अली यांनी अमेरिकेत सुरू केलेल्या ‘पेडकंटेंट’ या वृत्तसेवेची ती भारतीय शाखा होती. तेव्हा आपल्याकडे स्मार्टफोन तुरळक होते आणि मोबाइलवरचा धंदा म्हणजे कॉलर ट्यून, रिंगटोन, क्रिकेटच्या धावसंख्येचे एसएमएस. या धंद्याच्या बातम्या म्हणजे पैशाचे कोष्टक. गाणे संगीत कंपनीचे, सेवा बनवणारा तिसराच, आणि ग्राहकाच्या खिशातून आलेल्या रुपयातला मोठा हिस्सा मात्र मोबाइल कंपनीकडे राहायचा, कारण दार तिच्या ताब्यात होते. कोणाची सेवा ग्राहकापुढे ठेवायची आणि कोणाची नाही, हेही तीच ठरवायची. सामान्य वाचकाला या बातम्यांत काडीचा रस नव्हता. मात्र ज्यांनी त्या वर्षानुवर्षे दिल्या, त्यांना दाराशी बसलेला माणूस काय करू शकतो हे पक्के ठाऊक झाले. पुढे इंटरनेटच्याच दाराशी कोणी बसू पाहतो आहे हे त्यांना इतरांच्या आधी दिसले, ते या माहितीमुळे. कोणत्याही आंदोलनाच्या आधी अशी कंटाळवाणी वर्षे असतात आणि ती कोणाला तरी नेटाने काढावी लागतात.

डिसेंबर २०१४ मध्ये एअरटेलने इंटरनेटवरून होणाऱ्या कॉलसाठी जादा डेटा दर जाहीर केला. ओरड झाल्यावर काही दिवसांतच तो मागे घेतला. त्यानंतर २७ मार्च २०१५ रोजी ट्रायने अशाच इंटरनेटवरच्या सेवांच्या नियमनाबाबत सल्लामसलतीचा मसुदा प्रसिद्ध केला. पाने ११८, प्रश्न २०, भाषा कायदा आणि दूरसंचाराची. उत्तरे देण्यासाठी २४ एप्रिलपर्यंतची मुदत. असे मसुदे एरवी कंपन्यांचे वकील वाचतात आणि तेच उत्तरे देतात. या वेळी पाहवा आणि त्यांच्यासारख्या काही जणांनी तो अथपासून इतिपर्यंत वाचला आणि साध्या भाषेत मांडला. अपार गुप्ता यांच्यासारखे वकील, किरण जोन्नलगड्डा यांच्यासारखे संगणकतज्ज्ञ आणि इतर अनेक स्वयंसेवक एकत्र आले. त्यांनी ‘सेव्ह द इंटरनेट’ नावाचे संकेतस्थळ उभे केले आणि वीसही प्रश्नांची उत्तरे मसुद्याच्या रूपाने लोकांपुढे ठेवली. हवी तर बदला, आणि पाठवा. ‘एआयबी’ या विनोदी कलाकारांच्या गटाने त्यावर चित्रफीत केली आणि विषय कॉलेजच्या कट्ट्यावर पोहोचला. रस्ता सर्वांचा असताना टोलनाक्यावरचा माणूस गाडीत कोणत्या दुकानाचा माल आहे हे विचारून टोल ठरवू लागला तर काय होईल, हा प्रश्न समजायला अभियंता असावे लागत नाही. समजल्यावर लोक गप्प बसले नाहीत. ग्राहकाच्या डेटाचा खर्च ॲप कंपनीनेच उचलायचा अशा ‘एअरटेल झीरो’ योजनेत जाऊ पाहणाऱ्या फ्लिपकार्टने एप्रिलच्या मध्यालाच माघार घेतली.

खरी कसोटी मात्र वर्षाच्या शेवटी लागली. फेसबुकने ‘इंटरनेट डॉट ऑर्ग’ फेब्रुवारी २०१५ मध्ये रिलायन्स कम्युनिकेशन्सच्या साथीने काही राज्यांत आणले होते. त्यात महाराष्ट्र होता आणि भाषांमध्ये मराठीही होती. मोजकी संकेतस्थळे फुकट, बाकीचे इंटरनेट विकत. सप्टेंबरमध्ये त्याचेच नाव ‘फ्री बेसिक्स’ झाले. डिसेंबरमध्ये ट्रायने दरभेदावर नवा मसुदा काढताच वर्तमानपत्रांत पानभर जाहिराती सुरू झाल्या. गरिबाला फुकट मिळणारे इंटरनेट काही लोक अडवत आहेत, असा त्यांचा सूर होता. मार्क झुकरबर्ग यांनी स्वतः ‘टाइम्स ऑफ इंडिया’त लेख लिहिला. त्याला उत्तर देणारा लेख पाहवांनी त्याच वृत्तपत्रात लिहिला. एकीकडे जगातल्या सर्वांत धनाढ्य कंपन्यांपैकी एक, दुसरीकडे मूठभर माणसांची वृत्तसंस्था. फेसबुकने आपल्या वापरकर्त्यांकडून लाखो साचेबद्ध संदेश ट्रायकडे धाडले. विचारलेल्या प्रश्नांची उत्तरे त्या संदेशांत नव्हती. ट्रायचे तत्कालीन अध्यक्ष आर. एस. शर्मा यांनी हे बोलून दाखवले. ज्यांनी प्रश्न वाचून उत्तरे दिली त्यांचे म्हणणे त्यामुळे वजनदार ठरले.

पत्रकाराने मोहिमेत उतरावे का, हा आक्षेप तेव्हाही घेतला गेला. तो उडवून लावण्यासारखा नाही. बातमीदार एखाद्या बाजूने उभा राहिला की दुसऱ्या बाजूच्या माणसाला त्याच्याकडून न्याय मिळेल याची खात्री उरत नाही. तरीही आमचे मत असे, की त्या वेळी गप्प राहणे अधिक घातक ठरले असते. ज्याला कागद कळला होता त्याने तो न समजलेल्यांना सांगितला, आणि आपली बाजू कोणती हे नाव लावून, उघडपणे सांगितले. लपवलेल्या कलापेक्षा सांगितलेला कल वाचकाला अधिक प्रामाणिकपणे वागवतो. शिवाय त्या स्वयंसेवकांनी २०१६ मध्येच ‘इंटरनेट फ्रीडम फाउंडेशन’ ही स्वतंत्र संस्था स्थापन केली. न्यायालयीन आणि नागरी लढ्याला त्यामुळे स्वतःचे घर मिळाले. बातमी आणि मोहीम यांच्यात भिंत हवी असेल तर ती अशीच बांधावी लागते.

तंत्रज्ञानाच्या बातम्या देणारे सगळेच या वाटेने गेले असे नाही. श्रद्धा शर्मा यांनी २००८ सालीच सुरू केलेल्या ‘युअरस्टोरी’ने नवउद्योजकांच्या कहाण्या सांगितल्या. छोट्या गावातल्या तरुणाला धंदा सुरू करावासा वाटला, यात त्या कहाण्यांचाही हात आहे. पण कहाणी सांगणाऱ्याला हिशेब विचारणे अवघड जाते. ते काम बंगळुरूच्या ‘द केन’सारख्यांनी २०१६ पासून वाचकांच्या वर्गणीवर केले. क्रिकेट संघाच्या जर्सीवर ‘बायजूज’चे नाव झळकत होते त्या काळात त्या कंपनीची विक्रीपद्धत आणि पालकांच्या गळ्यात पडणारी कर्जे यांवर लिहिणे सोपे नव्हते. जाहिरातीवर जगणाऱ्याला तर ते जवळपास अशक्य होते. म्हणून या संस्थांमागची माणसे कोण, हे विचारताना त्यांचा पगार कोठून येतो हेही विचारले पाहिजे.

२०१६ चा निर्णय टिकला आहे. २०१८ मध्ये केंद्र सरकारने नेट न्यूट्रॅलिटीच्या, म्हणजे इंटरनेटवरच्या सगळ्यांना समान वागणूक देण्याच्या, व्यापक शिफारशीही स्वीकारल्या. अमेरिकेत तेच तत्त्व आले, गेले, पुन्हा आले आणि जानेवारी २०२५ मध्ये तिथल्या न्यायालयाने ते रद्द केले, हे पाहता आपण बरे आहोत. पण मोठ्या ॲपनी आमच्या जाळ्याचा खर्च उचलावा, ही मोबाइल कंपन्यांची मागणी पुन्हा डोके वर काढते आहे. ट्रायने २०२३ मध्ये त्याच विषयाच्या आसपासचा आणखी एक मसुदा काढला. कागद येतच राहणार आहेत.

आणि आता ते फक्त दिल्लीत येत नाहीत. महाराष्ट्रात २०२१ पासून पिकाची नोंद ‘ई-पीक पाहणी’ ॲपवर शेतकऱ्याने स्वतः करायची असते. सातबाऱ्यावरचे पीक, म्हणजे विमा, नुकसानभरपाई, कर्ज, हे सारे त्या नोंदीवर अवलंबून. १५ एप्रिल २०२५ पासून कृषी योजनांसाठी शेतकरी ओळख क्रमांक सक्तीचा झाला. त्यात जमीन आणि आधार एकमेकांना जोडले गेले. ‘लाडकी बहीण’च्या लाभार्थींना त्याच वर्षी ई-केवायसी करावी लागली, सोबत पतीच्या किंवा वडिलांच्या आधारची पडताळणीही. मराठी वृत्तपत्रांनी सर्व्हर बंद असल्याच्या, ओटीपी न आल्याच्या, सेतू केंद्रापुढच्या रांगांच्या बातम्या दिल्या. चांगल्या दिल्या. पण ज्या विधवेचे वडीलही हयात नाहीत तिने कोणाचे आधार द्यायचे, हा प्रश्न अर्ज बनवतानाच कोणाला का पडला नाही? शेतकऱ्याची माहिती कोणत्या खात्याकडून कोणत्या कंपनीकडे जाऊ शकते? ॲपने चुकीची नोंद केली तर दाद तलाठ्याकडे मागायची की आणखी कोणाकडे? हे प्रश्न रांग लागण्याच्या आधी, शासन निर्णय निघतो त्या दिवशी विचारायचे असतात. ते विचारणारा खास बातमीदार मराठीत सहसा नसतो. तंत्रज्ञानाच्या पानावर आपण नव्या फोनचे कॅमेरे मोजतो.

मराठी पत्रकारितेला हे काम परके नाही. बाळशास्त्री जांभेकरांनी १८३२ मध्ये ‘दर्पण’ काढले आणि १८४० मध्ये ‘दिग्दर्शन’ हे मासिक. भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र, भूगोल मराठी वाचकाला त्याच्या भाषेत कळावे, यासाठी. नव्या राज्यकर्त्यांच्या सामर्थ्यामागे कोणती विद्या आहे हे लोकांना कळल्याखेरीज तरणोपाय नाही, ही त्यांची खात्री होती. आजच्या राज्यकारभारामागची विद्या सर्व्हर, आधारजोडणी आणि आता कृत्रिम बुद्धिमत्ता यांच्या रूपाने येते आहे, आणि तिचे कागद बहुधा इंग्रजीत असतात.

ते कागद वाचून मराठीत सांगायला अवाढव्य भांडवल लागत नाही. मुंबईत मंत्रालयाचे शासन निर्णय आणि निविदा रोज वाचणारा एक जण, गावागावांतल्या सेतू केंद्रांवर आणि तलाठी कार्यालयांत फिरणारा दुसरा, आणि फोन उचलणारा एखादा वकील. एवढ्यावर सुरुवात होते. मोठ्या मराठी दैनिकाला हे आजही परवडते. नसेल परवडत, तर तीन-चार तरुणांनी वाचकांच्या वर्गणीवर ते उभे करावे, आणि आपण वाचकांनी ती वर्गणी भरावी. राज्यातल्या शेतकऱ्यांची माहिती गोळा झालेली आहे. ती कोणाच्या हाती द्यायची, याचे पुढचे मसुदे याच काही वर्षांत ठरतील.