बाष्पाचा माग आणि पेरणीचा निर्णय

हवामानाचा अंदाज एकदा चुकला, की गावात त्याची थट्टा होते. आणि एकदा खरा ठरला, की त्यावर डोळे मिटून पेरणी होते. या दोन्ही गोष्टी नुकसानीच्या आहेत. अंदाज कशाच्या आधारे बांधला जातो हे ठाऊक असले, म्हणजे त्यावर किती विसंबावे हेही कळते.

महाराष्ट्राचा पाऊस समुद्रावरून येतो. पण वरच्या हवेतील वारा मोजण्यासाठी फुगे सोडणारी केंद्रे समुद्रात काही बेटांपुरतीच आहेत. ही उणीव उपग्रह बऱ्याच अंशी भरून काढतात. इन्सॅट-३डीआर (२०१६) व इन्सॅट-३डीएस (२०२४) हे भारतीय उपग्रह सुमारे ३६,००० किलोमीटर उंचीवरून पृथ्वीच्या प्रतिमा घेतात. त्यांपैकी एका प्रकारच्या प्रतिमेत, ढग नसतानाही, हवेतील अदृश्य बाष्पाचे पट्टे उमटतात. अर्ध्या अर्ध्या तासाच्या अंतराने घेतलेल्या तीन प्रतिमा ताडून एखादा पट्टा किती सरकला हे पाहतात. तो अर्ध्या तासात ३० किलोमीटर सरकला असेल, तर तेथील वारा ताशी ६० किलोमीटर वेगाने वाहत आहे असे समजतात. हे आकडे पुढे संगणकावरील अंदाजाच्या गणितात घेतले जातात.

या पद्धतीला मर्यादाही आहेत. वरच्या थरातील बाष्प खालचे दृश्य झाकून टाकते. म्हणून असा वारा मुख्यतः मधल्या व वरच्या थरांतलाच कळतो. कोकणात पाऊस आणणारा पश्चिमेचा जोरदार वारा एक-दोन किलोमीटर उंचीवर असतो. त्यासाठी खालच्या ढगांच्या हालचालीसारखी अन्य साधने लागतात. शिवाय दिसलेला पट्टा नेमका किती उंचीवर आहे हे ठरविताना चूक झाली, तर ती गणितातही उतरते.

तेव्हा गावपातळीवरील कार्यकर्त्यांनी मंगळवारी व शुक्रवारी निघणारा कृषी हवामान सल्ला शेतकऱ्यांना वाचून दाखवावा, आणि तो अभ्यासपूर्ण अनुमान आहे, हमी नव्हे, हेही त्याच वेळी स्पष्ट करावे. फवारणी, काढणी, खताची मात्रा यांचे दिवस त्यावरून अवश्य ठरवावेत. खरिपाची पेरणी मात्र पावसाच्या नुसत्या अंदाजावर करू नये. ७५ ते १०० मिलिमीटर पाऊस होऊन जमिनीत पुरेशी ओल आली आहे, याची खात्री शेतकऱ्याने आधी स्वतः करावी. दुबार पेरणीचा खर्च अखेर त्यालाच सोसावा लागतो.