पिंजऱ्यातील स्वस्ताई

कोंबडी हा पक्षी की प्राणी, या प्रश्नावर २०२३ च्या मार्चमध्ये गुजरात उच्च न्यायालयात युक्तिवाद झाले, तेव्हा अनेकांची करमणूक झाली. सुरतेतील कोंबडीविक्रेत्यांना मात्र हसण्यास जागा नव्हती. प्राणिरक्षक संस्थांच्या याचिकांवरून विनापरवाना व अस्वच्छ मांसदुकानांवर कारवाईचे आदेश निघाले होते आणि सुरत महापालिकेने अनेक दुकानांना टाळी ठोकली होती. कोंबडी 'प्राणी' ठरली, तर ती दुकानात न कापता कत्तलखान्यातच कापावी लागेल, असा हा पेच. अन्नसुरक्षा कायद्याच्या दृष्टीने ती प्राणीच होय, असे सरकारपक्षाने सांगितले.

स्वच्छतेचा व परवान्याचा आग्रह रास्तच आहे. परंतु या साऱ्या वादात चर्चा झाली ती कोंबडीच्या अखेरच्या क्षणाची, तिच्या आयुष्याची नव्हे. ज्या सुरतेत पांजरपोळाची परंपरा जुनी, त्याच सुरतेत रात्री अंड्यांच्या गाड्यांवर 'घोटाळा' खाण्यास झुंबड उडते. ते अंडे कोठून आले, हे ना पांजरपोळास देणगी देणारा विचारतो, ना गाडीवरचा गिऱ्हाईक.

ते येते पिंजऱ्यातून. अंड्यावरील कोंबड्यांसाठी केंद्र सरकारने २०२३ साली जे नियम केले, त्यांत एका कोंबडीस किमान ५५० चौरस सेंटिमीटर जागा ठरवली आहे. कचेरीतील 'ए-फोर' कागद सुमारे ६२४ चौरस सेंटिमीटरचा असतो! पंख पसरणे, माती उकरणे, आडोशाला अंडे घालणे, हे कोंबडीचे साधे जीवनधर्म त्या जागेत अशक्य होतात. युरोपीय संघाने असे उघडेबोडके पिंजरे १ जानेवारी २०१२ पासून बंद केले. आपल्या विधी आयोगानेही २०१७ च्या २६९ व्या अहवालात या प्रश्नाची दखल घेतली होती. मांसासाठी वाढवलेल्या ब्रॉयलरची कथा निराळी, पण सुखाची नव्हे. सुमारे सहा आठवड्यांत दोन किलोंचे होणारे ते शरीर पायांना पेलवत नाही.

मग सर्वांनी गावठी कोंबडीकडे वळावे काय? येथे भावनेस आवर घालून हिशेब मांडला पाहिजे. गावठी कोंबडी बाजारात येण्यास पाच-सहा महिने लागतात आणि किलोभर मांसामागे ती ब्रॉयलरहून अधिक दाणा खाते. विकतच्या दाण्यावर मोठ्या प्रमाणात पोसायची, तर तो मका व ते सोयाबीन पिकवण्यास अधिक जमीन, पाणी आणि खत लागणार. कोंबडीवर दया करावी तर धरणीवर भार वाढतो, धरणीचा भार हलका करावा तर कोंबडीच्या वाट्याला कोंडवाडा येतो. शिवाय अंडे हे गरिबाच्या मुलास परवडणारे पोषण आहे. त्याची किंमत वाढवण्याचा सल्ला भरल्या पोटाने देणे सोपे असते.

महात्माजींनी १९४२ साली कैदेत लिहिलेल्या आरोग्यविषयक पुस्तकात निर्बीज अंड्यास दूध घेणाऱ्याची हरकत नसावी, असे मत मांडले होते. त्या अंड्यात जीव नसतो, हा त्यांचा युक्तिवाद. पण आज प्रश्न अंड्यातील जिवाचा उरलेला नाही. तो पिंजऱ्यातील जिवाचा आहे, आणि अंडी देणार नाहीत म्हणून जन्मताच मारल्या जाणाऱ्या नर पिल्लांचा आहे.

ग्राहक बदलू शकतो काय? २००६ च्या फेब्रुवारीत नवापुरात आणि शेजारच्या, तेव्हा सुरत जिल्ह्यात असलेल्या उच्छल तालुक्यात बर्ड फ्लूची साथ आली. लाखो कोंबड्या मारून पुरल्या गेल्या. ग्राहकांनी चिकनकडे पाठ फिरवली, रेल्वेने ते आपल्या जेवणातून काढले. ग्राहकाची शक्ती एवढी मोठी! पण ती जागी झाली स्वतःच्या जिवाच्या भीतीने. भीती ओसरली, आणि तोच ग्राहक पुन्हा सर्वांत स्वस्त कोंबडी मागू लागला. २०२१ साली नवापुरावर तेच संकट पुन्हा कोसळले. दाटीवाटीने कोंडलेल्या कळपात रोग शिरला की तो वणव्यासारखा पसरतो, हा धडा मात्र कोणी घेतला नाही.

सुरत दूर आहे, असे आपण म्हणू नये. घाट उतरून येणारे कोंबड्यांचे ट्रक आपल्याही दारात थांबतात. श्रावणात निष्ठेने शिवराक राहणारे आपण, महिना सरताच दुकानात दराखेरीज काही विचारत नाही. आमचे म्हणणे एवढेच की, ज्यांना परवडते त्यांनी चिकन थोडे कमी खावे आणि जे खावे त्यास रास्त दाम मोजावा. जागा जास्त, नग कमी, या एकाच मार्गाने कोंबडी आणि धरणी या दोघींचा भार हलका होतो. गरिबाच्या मुलाच्या अंड्याचा वाढीव खर्च सरकारने शाळेतील आहारातून उचलावा. २०२३ चे नियम कागदावर न ठेवता पोल्ट्रीत जाऊन तपासावेत, आणि अंड्याच्या खोक्यावर ते पिंजऱ्यातले की मोकळ्या जागेतले, हे छापणे सक्तीचे करावे.

दुकानाला टाळे ठोकणे सोपे असते, कारण दुकानदार लहान असतो. स्वस्ताईचा आग्रह धरणारे गिऱ्हाईक मात्र संख्येने मोठे आहे, आणि त्याच्यावर कोणतेही न्यायालय कारवाई करू शकत नाही. ती त्याने स्वतःच करावयाची आहे.