सहा इंचांचं गिरमिट

बर्फाला भोक पाडण्यासाठी मोटरचं गिरमिट घेऊ नये, असं माझं स्पष्ट मत आहे. हे मत मी डोंबिवलीत बसून मांडतो आहे, जिथं बर्फ फक्त रसवंतीत आणि मासळीबाजारात दिसतो, याची मला जाणीव आहे. पण बावीस वर्षं लोकांचे कर्जाचे अर्ज वाचलेल्या कारकुनाला खरेदीवर बोलायला हवामानाची अट नसते. सायकलवर मावेल एवढ्या मालासाठी टेम्पोला कर्ज मागणारी माणसं मी रोज पाहतो. मोटरचं गिरमिट हा त्यातलाच टेम्पो.

हे प्रकरण माझ्यापर्यंत आलं ते सासुरवाडीकडून. हिचा धाकटा भाऊ अमेरिकेत, मिनेसोटा राज्यात असतो. तिथल्या मोटारींच्या नंबरप्लेटवरच दहा हजार तळ्यांची जाहिरात असते. हिवाळ्यात ही तळी गोठतात आणि एरवी शहाणीसुरती असणारी माणसं त्यांच्यावर चालत जातात, बर्फाला भोक पाडतात आणि पालथ्या बादलीवर बसून त्यात गळ सोडतात. चेहऱ्यावर भाव असा, की पासबुक भरून मिळायची वाट पाहणारा पेन्शनरच.

डिसेंबर २०२३ मध्ये आम्ही उभयता तिकडे गेलो, तेव्हा विमानतळावरून घरी जातानाच मेहुण्यानं विषय काढला, "भाऊजी, यंदा ऑगर घ्यायचाय." ऑगर म्हणजे आपल्या सुताराचं गिरमिटच, फक्त कमरेएवढं उंच. (हुबळीकडे गिरमिट नावाचा चुरमुऱ्यांचा झणझणीत पदार्थ मिळतो. त्या गिरमिटाविषयी माझी काही तक्रार नाही.)

दुकानात गिरमिटं पोलीस परेडसारखी उभी होती. पेट्रोलवरची, प्रोपेन गॅसवरची, बॅटरीवरची. आणि कोपऱ्यात, मोटारीच्या शोरूममध्ये चुकून शिरलेल्या सायकलीसारखी, हातानं फिरवायची. जिफी, स्ट्राइकमास्टर, एस्किमो ही नावं मेहुणा कुलदैवतासारखी घेत होता. विकणारा मुलगा स्वभावानं भला होता, पण त्याची बाराखडी तीनच अक्षरांची : इंच किती, व्होल्ट किती, सेकंद किती. "तुम्ही भोकं किती पाडता?" हा प्रश्न त्यानं एकदाही विचारला नाही. आमच्याकडे उत्पन्नाचा दाखला न बघता कर्ज दिलं तर चौकशी लागते!

मेहुण्याचा डोळा दहा इंची गिरमिटावर होता. मी बी. कॉम. असलो तरी वर्तुळाचं क्षेत्रफळ व्यासाच्या वर्गाबरोबर वाढतं, एवढं विसरलेलो नाही. सहाचा वर्ग छत्तीस, आठाचा चौसष्ट, दहाचा शंभर. म्हणजे सहाऐवजी दहा इंची भोक घेतलं की जवळजवळ पावणेतीनपट बर्फ कापायचा. तो कापायला मोठी मोटर, मोटरला मोठी बॅटरी, हे सगळं बर्फावरून ओढायला गाडी आणि ती गाडी मावायला मोठी मोटार. मासा मात्र तोच, तळहाताएवढा! पर्च आणि क्रॅपी ही तिकडची नित्याची मासळी सहा इंचांतून सुखानं वर येते. वॉलआय जरा थोराड, त्याला आठ पुष्कळ झाले. दहा इंच लागतात ते दांडग्या नॉर्दर्न पाइकसाठी, आणि मेहुण्याच्या फोनमधल्या फोटोंत मला पाइकचं शेपूटही दिसलं नाही.

दुसरा हिशेब भोकांचा. मिनेसोटाचा कायदा हिवाळ्यात माणशी दोनच गळ टाकू देतो. मेहुणा हंगामात पाचदा जातो. जागा बदलून बदलून दर खेपेला चार भोकं धरली, तरी वर्षाची वीस. यंत्राची किंमत सहाशे डॉलर. पहिल्या वर्षी भोकामागे तीस डॉलर, घसारा वेगळा! हाताचं गिरमिट शंभराच्या आसपास येतं, वजन सात-आठ पौंड, आणि त्याला ना तेल लागतं ना चार्जर. पेट्रोलचं यंत्र तीसेक पौंडांचं, वर तंबूत धूर. बॅटरीचं धूर करत नाही हे खरं, पण कडाक्याच्या थंडीत बॅटरी आपली निम्मीशिम्मी ताकद आवरून बसते आणि तिला गोठलेल्या अवस्थेत चार्जिंगलाही लावायचं नाही. म्हणजे तान्ह्या मुलासारखी कोटाच्या आत धरून न्यायची. बरं, बर्फ कापते ती मोटर नव्हे, पात्याची धार. वाळूचा एक खडा लागून धार गेली, की चाळीस व्होल्टही नुसते बर्फाला गुदगुल्या करतात.

हे सगळं मी दुकानातच सांगितलं. मेहुणा म्हणाला, "भाऊजी, हातानं फिरवून खांदे भरून येतात हो!" मी म्हटलं, "मग जिमला दर महिन्याला पैसे भरतोस ते कशासाठी?" यावर त्यानं दहा इंची बॅटरीचं यंत्र घेतलं. माझ्या सल्ल्याचा असा उपयोग नेहमीच होतो.

जानेवारीच्या पहिल्या आठवड्यात आम्ही तळ्यावर गेलो. तो हिवाळा तिकडे विलक्षण उबदार होता. नुकतंच, २९ डिसेंबरला, अप्पर रेड लेकवर बर्फाचा मोठा तुकडा काठापासून सुटला होता आणि त्यावर अडकलेल्या शंभराहून जास्त माणसांना सोडवून आणावं लागलं होतं. आमच्या तळ्यावर काठाजवळच एक म्हातारा होता. हातात लोखंडी पहार. एक पाऊल टाकायचं, पुढे पहार आपटायची, आवाज ऐकायचा, मग दुसरं पाऊल. मेहुणा त्याच्याकडे, आपण कर्ज घेत नाही म्हणणाऱ्या माणसाकडे एजंट बघतो तसं बघत पुढे गेला. त्याच्यामागे यंत्र, यंत्रामागे मी.

बऱ्याच आत गेल्यावर त्यानं बटण दाबलं. घर्रर्र झालं आणि पाणी वर आलं.

"बघितलंत, भाऊजी? दोन सेकंद!"

आम्ही कारकून लोक आकडा कसा आला ते आधी बघतो. भोकातला भुगा काढायला तिकडे हुबेहूब आपला झारा असतो आणि त्याच्या दांड्यावर इंचांच्या खुणा असतात. मी तो घालून बघितला. बर्फ तीन इंचसुद्धा नव्हता. चालणाऱ्या माणसाला स्वच्छ, घट्ट बर्फ निदान चार इंच लागतो. पांढुरका असेल तर दुप्पट. हे मेहुण्याला माझ्याआधीपासून पाठ होतं. पण दोन सेकंदांच्या कौतुकात, दोनच सेकंद का लागले, हे त्याच्या डोक्यातच आलं नाही.

मग आम्ही आडवे झालो आणि आल्या वाटेनं पोटावर सरपटत परत निघालो. पुढे मेहुणा, मधे सहाशे डॉलर, मागे मी. माझ्या कानाखाली बर्फ एकदा कण्हला. तो आवाज मी अजून विसरलेलो नाही. काठावर पोचलो तेव्हा म्हातारा काही बोलला नाही. थर्मासच्या झाकणात कॉफी ओतून त्यानं मेहुण्याच्या हातात दिली. मेहुण्याचा हात इतका कापत होता की निम्मी बर्फावर सांडली. घरी हिनं विचारलं, "मिळाले का मासे?" मी म्हटलं, "आज नव्हते." या भावाला हिनं कडेवर घेऊन वाढवलेलं आहे. तिला हे सगळं या लेखातूनच कळणार.

आता तुम्ही म्हणाल, हाताचं गिरमिटही तिथं चार फेऱ्यांत आरपार गेलं असतं. मान्य. पण पहार आधीच बोलली असती आणि ती घेतली नव्हती. सगळं अंदाजपत्रक मोटरनं खाल्लं होतं. शिवाय ज्याला प्रत्येक भोक स्वतःच्या खांद्यानं पाडायचं असतं, तो काठाजवळच पहिलं पाडून अंदाज घेतो. आणि बर्फाची जाडी त्याच्या मनगटाला कळते, डब्यावरच्या सेकंदांना नाही. लेक ऑफ द वूड्ससारख्या तळ्यावर ऐन हिवाळ्यात बर्फ तीन फुटांपर्यंत जातो. तिथं दिवसाला चाळीस भोकं पाडणाऱ्यानं, किंवा खांद्याचं ऑपरेशन झालेल्यानं, खुशाल बॅटरी घ्यावी. आठ इंची घ्यावी. त्याचा अर्ज मी स्वतः मंजूर करीन. बाकीच्यांनी आधी पहार, मग सहा इंची हाताचं गिरमिट, आणि उरलेले पैसे मुदत ठेवीत.

मागच्या महिन्यात मेहुण्याचा फोन आला होता. म्हणाला, "भाऊजी, तुमचं ऐकलं. पहार घेतली. फक्त जरा जड आहे हो. बॅटरीवरची कुठं निघालीय का बघतोय."