वेग इंजिनात नाही, वाटेत आहे



मे महिन्याची सुट्टी लागली की गावोगावच्या बैठकांत एक तक्रार हमखास कानी येते. "साहेब, पोरगं दिवसभर खेळ घेऊन बसतं. काय करावं?" सगळे खेळ एकाच मापाने मोजू नका, एवढेच मी सांगतो. काही खेळ वेळ खातात, तर काही डोके चालवायला लावतात. आज अशा एका खेळाविषयी लिहितो, की ज्यात पोराच्या शेजारी आई-वडिलांनीही तासभर बसावे.

स्कॉटलंडच्या ख्रिस सॉयर यांनी १९९४ साली 'ट्रान्सपोर्ट टायकून' नावाचा संगणकावरचा खेळ तयार केला. पुढे २००४ पासून त्याच धर्तीवर 'ओपन टीटीडी' हा खेळ निघाला. तो फुकट मिळतो आणि संगणकाप्रमाणे मोबाइलवरही चालतो. यात आपण वाहतूक कंपनीचे मालक. सुरुवातीला हाती कर्जाचा पैसा. त्यातून रूळ टाकायचे, स्टेशने बांधायची, गाड्या घ्यायच्या आणि माल व माणसे वाहायची. माल किती, किती लांब नेला आणि किती दिवसांत पोहोचवला, यावर भाडे मिळते. खाते सतत तोट्यात राहिले तर कंपनीचे दिवाळे निघते.

खेळातले अगदी जुने वाफेचे इंजिन ताशी ६४ किलोमीटर धावते. पुढे डिझेल, वीज, मोनोरेल असे करत शेवटी चुंबकाच्या बळावर तरंगणारी मॅग्लेव्ह गाडी येते. तिच्यातल्या सर्वांत वेगवान इंजिनाचा वेग ताशी ६४३ किलोमीटर. मुलांची नजर नेमकी या आकड्यावर जाते. असेल नसेल तो पैसा घालून ती गाडी घेतली जाते, आणि रुळावर आल्यावर ती निम्म्या वेगानेही धावत नाही. खर्च दसपट आणि उत्पन्न जेमतेम. मग पोरगं म्हणतं, गाडीच खराब आहे!

गाडी खराब नसते. दोष वाटेत असतो. तो कुठे शोधायचा, ते क्रमाने पाहू.

पहिला दोष वळणाचा. या खेळात गाडीची चाल दोन पद्धतींनी ठरवता येते. त्यातली खऱ्यासारखी पद्धत निवडली, तर गाडीच्या लांबीत एकाच अंगाची दोन वळणे लागोपाठ आली की वेग उतरतो. अगदी जवळ आली तर साध्या रुळावर ताशी ८८ किलोमीटरचे बंधन पडते. काटकोनात वळवली तर ६१. मॅग्लेव्हला दुप्पट सूट आहे, म्हणजे १७६. विचार करा, ६४३ ची गाडी १७६ वर! उपाय सोपा आहे. दोन वळणांमध्ये निदान एका गाडीच्या लांबीइतका सरळ रूळ ठेवावा, म्हणजे गाडी वेग न सोडता निघून जाते. जागा जास्त लागते, पण ती वसूल होते.

दुसरा दोष पुलाचा. पूल बांधताना यादीत प्रत्येक पुलापुढे किंमत आणि वेगमर्यादा लिहिलेली असते. लाकडी पूल स्वस्त म्हणून मुले तोच बांधतात. मग शंभर कोसांची वाट कितीही चांगली असली, तरी त्या एका ओढ्यावर गाडी रांगते. बोगद्याला अशी मर्यादा नाही.

तिसरा दोष पुढच्या गाडीचा. एका रुळावर मागची गाडी पुढचीला ओलांडू शकत नाही. ऊस भरलेल्या बैलगाडीमागे अरुंद पाणंदीत मोटारसायकल अडकावी, तशी वेगवान गाडी कोळशाच्या गाडीमागे अडकते. जलद गाड्यांना स्वतंत्र रूळ द्यावा. तसेच, डब्यांची वेगमर्यादा चालू ठेवली असेल तर सर्वांत मंद डब्याचा वेग तोच साऱ्या गाडीचा वेग.

चौथा दोष सिग्नलचा. दोन सिग्नलांच्या मधल्या टप्प्यात एका वेळी एकच गाडी शिरते. टप्पे लांब असले की मागची गाडी उगाच उभी राहते. म्हणून सिग्नल सारख्या अंतराने आणि जवळ जवळ बसवावेत. पुलावर व बोगद्यात सिग्नल बसत नाही, त्यामुळे लांब पूल हा आपोआप लांब टप्पा होतो, हे ध्यानात ठेवावे.

पाचवा दोष स्टेशनाचा. फलाट गाडीपेक्षा आखूड असेल तर माल चढवायला वेळ लागतो. फलाट कमी असतील तर बाहेर रांग लागते. वाटेत कमावलेली सगळी मिनिटे इथे जातात. शिवाय देखभालीसाठी गाडी वेळेवर डेपोत गेली नाही तर ती मधेच बंद पडते आणि मागच्या साऱ्या गाड्या खोळंबतात.

हा नुसता पोरखेळ आहे असे कोणी म्हणेल. पण खरी रेल्वेही याच नियमांनी चालते. जपानने १ ऑक्टोबर १९६४ रोजी टोकियो ते ओसाका ही ताशी २१० किलोमीटरची गाडी सुरू केली. त्यांनी नुसते मोठे इंजिन आणले नाही. ५१५ किलोमीटरचा वेगळा मार्ग बांधला, त्यावर मालगाडी नाही, रस्त्याचे फाटक नाही, आणि मुख्य वाटेवरची वळणे निदान अडीच हजार मीटर त्रिज्येची, म्हणजे अगदी पसरट ठेवली. आपल्याकडची वंदे भारत गाडी ताशी १८० किलोमीटरसाठी बांधलेली आहे, पण जुन्या मार्गांवर बहुतेक ठिकाणी तिला त्याहून बऱ्याच कमी वेगाने जावे लागते. कर्जतहून खंडाळ्याकडे चढणारा बोरघाट ३७ ला १ असा उभा आहे. त्या चढावर कित्येक गाड्यांना मागून जादा इंजिने लावून रेटा द्यावा लागतो. खेळातला चढही मुळात १०० ला ३, म्हणजे जवळपास तितकाच धरलेला आहे.

आता हे आपल्या शिवारात आणून पाहा. आमच्या भागातल्या एका घरी टोकाच्या सऱ्यांना पाणी पोहोचत नव्हते. पाचची मोटार काढून साडेसातची बसवायचे ठरले. सोसायटीचे कर्ज पुरेना, म्हणून घरच्या बाईंनी पाटल्या गहाण ठेवायची तयारी केली. नववीतला मुलगा हा खेळ खेळणारा. तो म्हणाला, "आबा, मोटार मागनं घेऊ. आधी पाणी कुठं अडतंय ते बघू." विहिरीपासून टोकापर्यंत बापलेक चालत गेले. तीन इंची लाइनीत नाल्याजवळ जुन्या दुरुस्तीच्या वेळी दोन इंची पाइप जोडलेले निघाले, वर चार एल्बो, आणि फुटव्हॉल्व्हची जाळी शेवाळाने अर्धी बुजलेली. तेवढे बदलले, जाळी साफ केली आणि त्याच मोटारीचे पाणी टोकाला गेले. पाटल्या हातातच राहिल्या.

यात चमत्कार नाही. पाइपचा व्यास निम्मा करून तेवढेच पाणी ढकलायचे म्हटले, तर घर्षणाने होणारा तोटा सुमारे ३२ पट होतो. मोठी मोटार तिथे वीज जाळील, पण पाणी त्या मानाने देणार नाही. विहीर खोल गेली असेल किंवा उंचावर पाणी चढवायचे असेल तर मोठी मोटार लागेलही, नाही असे नाही. पण तो निर्णय लाइन तपासल्यावर घ्यावा.

तेव्हा या सुट्टीत पोराला एक काम सांगा. खेळातल्या सर्वांत महागड्या गाडीवर बोट ठेवले की तिची छोटी खिडकी उघडते, त्यात तिचा चालू वेग दिसतो. पहिल्या स्टेशनापासून शेवटच्यापर्यंत तिच्यावर नजर ठेवायची आणि जिथे जिथे वेग उतरेल ती जागा वहीत टिपायची. सर्वांत जास्त जिथे उतरतो, तिथे पहिली दुरुस्ती. मग पुन्हा फेरी, पुन्हा टिपण. नवी गाडी मात्र तोवर घ्यायची नाही.

तशीच एक वही मोटारीच्या खोलीतही टांगून ठेवा. पुढच्या हंगामाआधी एकदा लाइनीवरून चालत जा, आणि पोरालाही बरोबर घ्या.