गाठ आणि घाई

गेल्या रमजान ईदनंतर आपाचा फोन आला. तिच्या सुनेच्या पोटावर, सिझेरियनच्या टाक्यांशेजारी, लिंबाएवढी गाठ हाताला लागली होती. बाळ चौदा महिन्यांचे. गाठीचा तुकडा सुईने काढून तपासला आणि रिपोर्टात 'डेस्मॉइड ट्यूमर' असे आले. सगळ्या घराचे एकच म्हणणे : काढून टाका, आजच काढून टाका.

डॉक्टर मात्र म्हणाले, "आत्ता काही करायचे नाही. दोन महिन्यांनी एमआरआय करू." आपा चिडून मला म्हणाली, "बघ, आपल्यासारख्यांना असंच परत पाठवतात." मलाही आधी तसेच वाटले. मग मी सुनेची फाईल घेऊन डॉक्टरांपुढे बसले, वहीत लिहून घेतले, नंतर वाचलेही. असा प्रसंग तुमच्या घरीही येऊ शकतो, म्हणून ते इथे मांडते.

ही गाठ स्नायूंना बांधून ठेवणाऱ्या तंतूंपासून होते. वर्षाला दहा लाखांत तीन ते पाच जणांना होणारा हा दुर्मीळ आजार. तरुण बायकांत जास्त, आणि पोटावरची गाठ अनेकदा बाळंतपणानंतर दिसते. ती कॅन्सरसारखी फुप्फुसात किंवा यकृतात पसरत नाही. 'सुई लावली की गाठ पसरते' ही भीती इथे सोडून द्यावी. तपासणीशिवाय उपचार ठरतच नाही. पण ती अगदी निरुपद्रवीही नाही. जागच्या जागी मुळे रोवते, नसा आणि आतडी दाबते.

पूर्वी ऑपरेशन हाच पहिला उपाय होता. पण बऱ्याच जणांची गाठ त्याच जागी पुन्हा आली, कधी आधीपेक्षा मोठी. उलट काहींची गाठ काही न करता थांबली किंवा आटली. 2018 साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात ज्यांना औषधाऐवजी नुसती दिखाऊ गोळी दिली होती, त्यांच्यातही पाचांत एकाची गाठ बरीच लहान झाली. म्हणून आता बहुतेक रुग्णांत आधी लक्ष ठेवतात. पहिला एमआरआय एक-दोन महिन्यांत, मग दर तीन ते सहा महिन्यांनी. यालाही उपचारच म्हणतात.

गाठ वाढतच राहिली, दुखणे असह्य झाले किंवा आतड्याजवळ, मानेत अशी नाजूक जागा असली, तर औषधे आहेत. त्याच अभ्यासातल्या सोराफेनिबच्या गोळीने दोन वर्षांनंतर 81 टक्के रुग्णांचा आजार वाढलेला नव्हता. दिखाऊ गोळीवाल्यांत हे प्रमाण 36 टक्के. ही गोळी मूळ यकृत आणि मूत्रपिंडाच्या कॅन्सरची. महिन्याला सुमारे 2 लाख 80 हजार रुपये लागत. मार्च 2012 मध्ये सरकारने हैदराबादच्या नॅटको कंपनीला ती बनवण्याचा सक्तीचा परवाना दिला आणि किंमत 8,880 रुपयांवर आली. मेथोट्रेक्सेट आणि विनब्लास्टिन यांची कमी मात्रेतली केमोथेरपी जुनी आहे. सावकाश, पण गुण येतो. खास या आजारासाठीचे निरोगासेस्टॅट अमेरिकेत नोव्हेंबर 2023 मध्ये मंजूर झाले. मूल होण्याच्या वयाच्या चारपैकी तीन स्त्रियांत त्याने बीजकोशाच्या कामावर परिणाम झाला. औषध थांबवल्यावर बहुतेकींचे पूर्ववत झाले. ऑपरेशन, गाठ गोठवणे आणि किरणोपचार यांनाही जागा आहे, पण जागा आणि वय पाहून.

म्हणून भगिनींनो, डॉक्टरांना चार गोष्टी विचारा. तुकड्याचा रिपोर्ट या आजाराची माहिती असलेल्या तज्ज्ञाने पाहिला का? गाठ नेमकी कशाला लागून आहे? या औषधावर अंगावर पाजता येईल का, पुढे दिवस राहिले तर काय? (सोराफेनिबवर आणि केमोथेरपीवर दोन्ही चालत नाही.) आणि चौथी गोष्ट स्वतःहून सांगा : रक्ताच्या नात्यात कुणाला तरुणपणी मोठ्या आतड्याचा कॅन्सर किंवा आतड्यात पुष्कळ कोंब होते का. तसे असेल तर आतड्याची दुर्बिणीतून तपासणी लागते. रुग्ण दुर्मीळ, म्हणून एकदा तरी मुंबईच्या टाटा स्मारकसारख्या मोठ्या केंद्रात फाईल दाखवावी.

आपाच्या सुनेचा पहिला एमआरआय झाला, गाठ थोडी वाढलेली निघाली. घरात पुन्हा रडारड. डॉक्टर म्हणाले, अजून थांबू. दुसऱ्यात ती तेवढीच होती. तिसरा पुढच्या महिन्यात आहे. काय निघेल ते ठाऊक नाही. पण वाट पाहायची म्हणजे विसरून जायचे नाही, हे आता आपाला पटले आहे. स्वयंपाकघरातल्या कॅलेंडरवर तिनेच त्या तारखेभोवती लाल गोल केला आहे, आणि येणाऱ्या-जाणाऱ्यांना ती बजावते, "पोरीला विचारू नका, गाठ कशी आहे. चहा पाजा तिला."